आधी कुठं ते सांग

बिरादार अक्कांनी कुणाला 'हॅलो' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. फोन उचलला की पहिला शब्द 'कुठं?' ड्यूटीवर तर होताच, घरीही तोच. त्यांच्या मुलीनं पुण्याहून लाजतलाजत फोन केला, "आई, मला एक मुलगा आवडलाय," तर या म्हणाल्या, "ते होऊ दे. आधी कुठं हायस ते सांग." पोरीनं वैतागून फोनच ठेवून दिला. पुढं जावई हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगायचा, आणि अक्का तोंड वाकडं करून म्हणायच्या, "मग? चुकलं काय त्यात?"

सिकंदराबादेच्या बाजूला लष्करी तळावर आमची कंट्रोल रूम आहे. तळाच्या आत कुणाला काहीही झालं, आग लागली, अपघात झाला, क्वार्टरमध्ये साप निघाला, की फोन आमच्याकडे येतो आणि आम्ही अँब्युलन्स नाहीतर बंब सोडतो. फोनवर बसणारे आम्ही सगळे सिव्हिलियन आणि अक्का आमच्या सुपरवायझर. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकरी; आजोबा निजामाच्या अमदानीत अंबरपेठेत येऊन राहिले ते इथलेच झाले. अक्का स्वतः तारनाक्याला राहायच्या. नवरा फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, पण इतका गरीब स्वभावाचा की अक्काच रिटायर्ड फौजी वाटायच्या. त्यांची मराठी माझ्या पुणेकर जावेला निम्मीच कळायची. "कायकू परेशान होतीस? हौ म्हण आणि गाडी सोड," हे त्यांचं सगळ्या दुनियेला उत्तर.

नवीन मुलीला शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. पुस्तकी नियम बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माणूस आधी रडतो, मग सांगतो. रडू दे. पण रडता रडता पत्ता काढून घे. पत्ता कळला की अर्धं काम झालं, पत्ता न कळता बाकी सगळं कळलं तरी काय चाटायचंय?"

माझ्या वाट्याला पहिला मोठा फोन आला तो एका मराठी बाईचा. नवरा जेवता जेवता कोसळला होता. आवाज घोगरा, आणि दर वाक्याला 'ओ बाई, ओ बाई'. पत्ता मी काढला, गाडी सोडली, पण गाडी पोचेपर्यंत तिला नवऱ्याची छाती दाबायला लावायची होती आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मी रिसीव्हरवर हात ठेवून पाठीमागं उभ्या असलेल्या अक्कांना म्हटलं, "अक्का, तुम्ही घ्या ना!"

"नक्को," अक्का म्हणाल्या. "तिनं तुझा आवाज धरलाय. मधीच दुसरा आवाज आला की तिचा हात सुटंल. बोल तू." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. मी बोलत राहिले, ती दाबत राहिली, गाडी आली, फोन तुटला.

आमच्या कामाचं वाईट हेच आहे. फोन तुटतो आणि पुढं काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही. मी घरी जेवले नाही, झोपले नाही. दुसऱ्या दिवशी फोनची घंटा वाजली की हात पुढं जायचा नाही. तेवढ्यात अक्का डबा घेऊन आल्या. डब्यात सुशीला, आमच्याकडची चुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे. "वाचला गं तुझा माणूस," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आला तसा बायकोशी भांडायलाय, चहात साखर कमी पडली म्हणून. खा." मी एवढी हसले की रडायला लागले, आणि सगळा डबा एकटीनं संपवला.

मग हे नेहमीचंच झालं. कुणाला जड फोन आला की अक्का सुट्टीच्या दिवशी तळावरच्या इस्पितळात जाऊन यायच्या आणि डब्यासोबत बातमी आणायच्या. कुणी पायाचं सूप मागत होता, एका पोरानं नर्सच्या हाताला चावा घेतला होता, एक सुभेदार म्हणे मिशा कापल्या म्हणून डॉक्टरवर खटला भरणार होता. आम्हांला तर गुर्मीच चढली होती, की आमच्या खोलीतून गाडी सुटली म्हणजे यम माघारी फिरलाच.

काही वर्षांनी सुलतान बाजारात मी परकराचं कापड घेत होते. शेजारी एक बाई घासाघीस करत होती. "ओ बाई, ओ बाई, एवढा भाव!" आमच्या धंद्यात चेहरे कळत नाहीत, पण आवाज विसरत नाही. मी आनंदानं तिचा हातच धरला, ओळख सांगितली आणि विचारलं, "साहेब कसे आहेत?"

"ते तर त्याच दिवशी गेले की हो," ती म्हणाली. "गाडी दारात यायच्या आधीच गेले होते." आणि वर मलाच धीर दिला, "तुम्ही लई चांगलं बोललात हो त्या दिवशी. त्या तुमच्या बिरादार बाई येतात अजून, संक्रांतीला."

मी तशीच तारनाक्याला गेले. अक्का मेथी निवडत होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. खोटारड्या म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. हवालदारकाका घाबरून आतल्या खोलीत गेले. अक्का मेथी निवडत राहिल्या.

"झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "हौ, खोटं बोलले. पुन्हा बोलीन. त्या दिवशी तुझ्यापुढं घंटा वाजायलीती आणि तू हात मांडीखाली दाबून बसलीतीस. पलीकडं कुणाचं तरी लेकरू असंल. मी काय करू, खरं बोलून पुण्य कमवू?"

"आणि तुम्हांला? तुम्हांला सगळ्यांचं ठाऊक असतं, त्याचं काय?"

"एकीला ठाऊक असलं की पुरे. सगळ्यांनी कायकू मरायचं?"

मी निक्षून सांगितलं की मी तुमच्या खुर्चीत बसले तर कुणाला असं फसवणार नाही. अक्का हसल्या. "बस की," म्हणाल्या, "आणि मेथी घेऊन जा थोडी, लई झालीय."

त्या निवृत्त झाल्या आणि खुर्ची खरंच माझ्याकडे आली. मी माझा शब्द पाळला. विचारील त्याला खरं सांगायचे. एक मुलगा खरं ऐकून दुसऱ्या दिवशी आलाच नाही, राजीनामा पोस्टानं आला. अक्कांचा अधूनमधून फोन यायचा. "कुठं हायस?" "खोलीतच." मग एकच प्रश्न, "तुझी पोरं जेवतात का गं?" मला राग यायचा. जेवतात म्हणून सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. स्वप्ना नावाची तेलुगू मुलगी नवीन लागली होती. भर दुपारी तिला फोन आला. मी सुपरवायझरच्या हेडफोनवर ऐकत होते. एक जवान बोलत होता, रांगेत उभी असलेली कुणी म्हातारी आंटी छातीला हात लावून खाली बसली म्हणून. पोरगा इतका भेदरला होता की 'जल्दी भेजो, जल्दी भेजो' याच्या पुढं जाईना. स्वप्ना पत्ता विचारत होती, त्याला सुचत नव्हतं. आणि मग त्याच्या फोनमधून, मागून, धाप लागलेला आवाज आला.

"अरे बाबा, पहले कहाँ वो बोल. कँटीन, पिछला गेट. पीछे का!"

आवाज अक्कांचा होता. महिन्याचं सामान भरायला अक्का नवऱ्याचं कार्ड घेऊन तळावरच्या कँटीनला, फौजींच्या दुकानात, यायच्या, मला माहीत होतं.

स्वप्नानं गाडी सोडली. मागून येणारा अक्कांचा आवाज बंद झाला होता. ती त्या जवानाला छाती दाबायला सांगू लागली, एक-दो, एक-दो, न चुकता, न थांबता. माझ्या हाताशी बटण होतं. दाबलं असतं तर मी मधे बोलू शकले असते, त्याला सांगू शकले असते की फोन त्यांच्या कानाला लाव, एकदाच लाव. पण त्या पोरानं स्वप्नाचा आवाज धरला होता. मी उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. अक्का, तुम्हीच शिकवलं होतं. फार वाईट शिकवलंत.

अक्का गेल्या. इस्पितळात पोचायच्या आधीच.

खोलीत जुन्यांपैकी मी आणि बंबाच्या फोनवरचा यादगिरी एवढेच उरलो होतो. आम्ही दोघं स्मशानात जाऊन आलो. खोलीतल्या पोरांना त्यानं सांगितलं की मॅडमच्या, म्हणजे माझ्या, नात्यात कुणी वारलं. तारनाक्याला घरी हवालदारकाकांनी सगळ्यांना स्वतः चहा करून दिला. साखर घालायलाच विसरले होते. सगळ्यांनी तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरं सांगायचं ठरवूनच घरातून निघाले. खोलीत पाऊल टाकलं तर स्वप्नाचा फोन वाजत होता. ती त्याच्याकडे बघत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली. तिनं मान वर केली.

"मॅडम, वो आंटी बच गए क्या?"

घंटा वाजत होती.

"बच गए," मी म्हणाले. "घर गए. मियाँ से लड रहे, चाय में शक्कर कम पडी करके. उठा फोन."

ती खुदकन हसली. डोळे पुसले आणि फोन उचलला. "कहाँ से बोल रहे? पहले वो बोलो."

मी माझा डबा तिच्या टेबलावर ठेवला. मग अक्कांच्या खुर्चीत जाऊन बसले, हेडफोनचा माइक बंद केला आणि रडले.