बोअरच्या पाण्याची डाळ

हर्षिदाबेन शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या लाभूच्या नजरेत भरल्या त्या कांद्यांमुळे. नव्यानेच आलेली ही पाचवीची बाई अख्खा वर्ग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मासी, दोन-तीन कांदे द्याल? चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, असं किंजल विचारतेय."

"येतं म्हणून येतं," लाभू म्हणाली. "तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?"

"नाही ना. बघू या."

त्या दिवशी सगळा वर्ग रडला आणि भाजीत कांदा कमी पडला. 'बघू या' हे बेनचं पालुपदच होतं. महुव्याकडच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात लोक म्हणायचे, "सरकारनं बरी बाई पाठवलीय! हिलाच काही येत नाही, पोरांना विचारून शिकते." लाभूही त्या हसण्यात सामील असे.

दिवाळीनंतर मात्र तिचं हसू मावळलं. दाळ-ढोकळीतली डाळ मुलं ताटात तशीच टाकू लागली. दाणा दाताखाली कचकचायचा. लाभूनं डाळ भिजत घालून पाहिली, आच वाढवून पाहिली, व्यर्थ. शाळेच्या समितीत कुणीतरी बोललं, "हिचं सगळं लक्ष घरी. अर्धीकच्ची उतरवते नि पळते. स्वयंपाकाची बाई बदला." सोमवारी ठरणार होतं. गावच्या पोरांना इतकी वर्षं जेवू घातलं. आता आळशी म्हणून काढलं, तर चार बायकांत तोंड कसं दाखवायचं?

ती हर्षिदाबेनांकडे गेली. "बेन, तुम्ही रोज बघता. माझ्यासाठी एक शब्द टाका."

"डाळ का शिजत नाही, ते मला ठाऊक नाही, मासी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघू या."

लाभूच्या जिव्हारी लागलं. अडल्या वेळीही हेच?

दुसऱ्या दिवशी वर्ग चुलीपाशी येऊन बसला. मुलांनी तिला विचारून भंडावलं. डाळ जुनी आहे का? पातेलं बदललं? मीठ आधी घालता की नंतर? दिवाळीपासून नवं काय झालं?

"नवं काय व्हायचंय! सरपंचांनी बोअर मारली, तेवढंच," लाभू वैतागून म्हणाली.

किंजलने चमकून बेनकडे पाहिलं.

मग दोन पातेली चढली. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात टाक्यात साठवलेलं पावसाचं. टाक्याच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली, बोअरची तशीच टणक. मुलं नाचायला लागली.

"थांबा," बेन म्हणाल्या. "मासी, दोन्ही चुली सारख्याच पेटतात?"

"छे, डावी जास्त पेटते."

"टाक्याचं पातेलं डावीवरच होतं. मग कसं मानायचं?"

मुलांचे चेहरे पडले. पण दुसऱ्या दिवशी पातेल्यांची अदलाबदल करून पाहिली, तरी तेच झालं.

सोमवारी किंजलने समितीपुढे दोन वाट्या ठेवल्या. सरपंच हमीरभाईंनी एकीतला दाणा चिमटीत दाबला, मग दुसरीतला. बोअरचं पाणी जड, क्षारांचं निघालं होतं.

"आता कुणाला काढायचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"बोअरला नोटीस द्या," हमीरभाई हसून म्हणाले, "आणि मासीला टाक्याची किल्ली!"

घरी जाताना लाभूच्या ध्यानात आलं: बेननी शब्द टाकला असता, तर लोक म्हणाले असते, एक बाई दुसरीची बाजू घेते. आता गावच्याच पोरांनी आळ धुऊन काढला होता; तो पुन्हा कुणाच्या तोंडी येणार नव्हता.

"बेन, मी रुसले होते तुमच्यावर," तिनं दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला."

"हे बरं ठाऊक असतं तुम्हाला!"

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

शाळेची चूल अजून लाभूच्याच हाती आहे, आणि बेनचं नाव निघालं की ती आधी हात जोडते. हर्षिदाबेन निवृत्त झाल्या. आता त्या महुव्यात धाकट्या बहिणीकडे राहतात आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठीशिवाय चालू लागल्या आहेत.