जायफळाचे वेढे

माझी मुलगी रडायची. सगळीच मुलं रडतात हे मला इतक्या लोकांनी सांगून झालं आहे की आता आणखी कोणी सांगू नये. ती तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. सकाळी अकराच्या सुमारास सुरू करायची ती दुपारी दोनपर्यंत. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंग गार. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं की काही नाही, पोटात वात धरतो, चार महिने पूर्ण झाले की आपोआप कमी होईल. म्हणजे पंधरा दिवस राहिले होते. पंधरा दिवस म्हणजे किती, हे ज्याच्या खांद्यावर कोणी रोज तीन तास किंचाळलेलं नाही त्याला कळायचं नाही.

आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा सकाळी सातच्या कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा आणि आठ-साडेआठला परत यायचा. तेव्हा ही बाईसाहेब त्याच्याकडे बघून बोळकं पसरून हसायची. मी दिवसभराचं सांगायला लागले की तो म्हणायचा, अगं किती शहाणी आहे ती, तू उगाच टेन्शन घेतेस. एकदा मी त्याच्या अंगावर दुपटं फेकलं. लागलं नाही, दुपटंच ते.

घरात आमच्याबरोबर सासूबाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं आणि लागेल असं. बाळंतपण माझ्या आईकडे बिबवेवाडीला झालं, तिथे तेल लावायला येणारी बाई बाळगुटी द्यायची. मी कर्वेनगरला परत आले तेव्हा ते काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ओट्यावर सहाण मांडायची, स्टीलच्या डब्यातून वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, खारीक, बदाम एकेक काढायचं आणि दुधाच्या थेंबावर उगाळायचं. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कशाचे दोन, कशाचे चार. जायफळाचा एकच, कारण त्याने मुलाला गुंगी येते. त्या उगाळताना ओठातल्या ओठात मोजायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदाच मी विचारलं तर म्हणाल्या, जायफळ एक म्हणजे एक, इथे अंदाजपंचे चालत नाही.

त्या दिवशी सकाळची गुटी देऊन त्या दहाला बाहेर पडल्या. कवळीचं माप द्यायचं होतं आणि मग बहिणीकडे जेवण. मी म्हटलं, जा तुम्ही, मी आहे ना. अकराला हिने सुरू केलं.

मी तिला घेऊन फिरले. गाणी म्हटली, येत होती तेवढी सगळी. नळ सोडून ठेवला, कारण कोणीतरी सांगितलं होतं की पाण्याच्या आवाजाने शांत होतात. पालथं घातलं, पाठ चोळली, ओव्याचा शेक दिला. ती लालबुंद होऊन रडत होती आणि मध्येच श्वास अडकायचा. मग श्वास सुटायचा आणि दुप्पट आवाज. साडेबाराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. अतिशय नम्रपणे म्हणाले, बाळाला बरं नाही का? नाही, आम्ही आपले या वेळेला जेवून जरा पडतो, म्हणून विचारलं. मी दार लावून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, काकांवर आणि सगळ्यांवर.

आता जे सांगणार आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. मी तिला पलंगावर ठेवलं. आपटलं नाही. पण ठेवलं असंही म्हणता येणार नाही. गादीवर तिचं डोकं थोडं उसळलं आणि ती क्षणभर गप्प झाली, माझ्याकडे बघत. मग पुन्हा सुरू. मी माझ्या हातांकडे बघितलं आणि मला इतकी भीती वाटली की मी खोलीबाहेर पळाले. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथे ओट्यावर सहाण धुऊन उपडी ठेवलेली होती आणि शेजारी तो डबा.

मी जायफळ काढलं आणि उगाळायला लागले. आतून रडणं ऐकू येत होतं आणि माझा हात फिरत होता. मोजलं नाही. किती वेढे झाले ते मला आजही सांगता येणार नाही. दाटसर तपकिरी गंध झालं ते दुधात कालवलं आणि बोंडल्याने तिच्या तोंडात घातलं. थोडं ओघळलं. दहा मिनिटं वाट बघितली, काही फरक नाही, म्हणून सहाणेवर उरलं होतं तेही निपटून दिलं. सकाळची गुटी पोटात होतीच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी मला ते आठवायचं नव्हतं.

एक वाजून गेल्यावर ती झोपली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी गरम वरणभात, वर तूप, लिंबू असं ताट वाढून घेतलं आणि खुर्चीवर बसून जेवले. तीन महिन्यांत पहिल्यांदा बसून. मग केस धुतले. पंख्याखाली केस सोडून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले. घर इतकं शांत होतं की खालच्या काकांचं घोरणं ऐकू येतंय असं मला वाटलं आणि मी एकटीच हसले.

तीनच्या सुमाराला माझा ब्लाउज दुधाने भिजला. ती अडीच तासांच्या वर कधी प्यायल्याशिवाय राहिली नव्हती, शेवटचं प्यायली होती बाराच्या आधी. मी आत गेले. ठेवली होती तशीच पडली होती, हात वर, मूठ उघडी. तिची मूठ झोपेत कधी उघडी नसायची. मी गालाला बोट लावलं. एरवी बोट लागलं की तोंड वळवून चोखायला बघायची. आज काही नाही. तळपायाला गुदगुल्या केल्या. टिचकी मारली. ओलं फडकं कपाळावर ठेवलं. पापणी जरा हलली आणि पुन्हा मिटली. उचलून घेतलं तर मान मागे लोंबली आणि हात खाली पडला. नाकाखाली बोट धरलं. श्वास होता, पण दोन श्वासांच्या मध्ये मला वाट बघायला लागत होती.

माझी पाचावर धारण बसली. मी तिला छातीशी धरून खोलीत गोल गोल फिरत म्हणत होते, रड ना, रड ना गं, एकदा रड.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. सासूबाई आत आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, अरे वा, आज शांतता. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, झोपली आहे, आत्ताच. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षं वर्गातली खोटं बोलणारी पोरं पाहिलेली बाई. पुढे होऊन त्यांनी बाळाचा हात उचलून सोडला. तो पडला. त्यांनी पुन्हा उचलून सोडला. मग पिशवी तिथेच टाकून म्हणाल्या, चल.

जवळचं भाडं म्हणून दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्यासमोर सासूबाई आडव्याच उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा दवाखाना पाचला उघडायचा, ते वरच राहायचे. एरवी कोणाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी फोनसुद्धा न करणाऱ्या आमच्या सासूबाईंनी बेलवर अंगठा ठेवला आणि डॉक्टर दार उघडेपर्यंत काढलाच नाही.

डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, पापण्या उघडून बॅटरी मारली, छातीला नळी लावली, तळव्याला जोरात चिमटा काढला. ती बारीक कण्हली. मग त्यांनी विचारलं, पोटात काय गेलंय? औषध, गुटी, काहीही?

मी तिचं झबलं सारखं करायला लागले. आणि माझ्या आधी सासूबाई बोलायला लागल्या. सकाळी गुटी दिली म्हणाल्या, मीच दिली. जायफळ एक वेढा. मग थांबल्या. म्हणाल्या, एकच घातला होता. निदान मला तरी एकच वाटतोय. हल्ली मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, आणि आज निघायची घाई होती, दोन झाले असतील. कदाचित तीन. आयुष्यभर आकडे शिकवलेल्या बाईला एक की तीन हे आठवेना, कारण मी समोर उभी राहून काही बोलत नव्हते. डॉक्टर त्यांच्याकडे बघत म्हणाले, आजी, एकदोन वेढ्यांनी इतकं होणार नाही, नीट आठवा.

मला आजही त्या काही सेकंदांची लाज वाटते. मुलीचा श्वास अडकत होता आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं की कळलं तर काय म्हणतील.

मग मी म्हटलं, "आईंनी नाही. मी दिलं. दुपारी, दोनदा."

"किती?"

"मोजलं नाही. ती रडत होती. मला ती गप्प व्हायला हवी होती."

डॉक्टर मला रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांनी किती वाजता दिलं ते विचारून चिठ्ठीवर लिहिलं, हॉस्पिटलला फोन केला आणि म्हणाले, ताबडतोब जा, रस्त्यात तिला झोपू देऊ नका, श्वासावर लक्ष ठेवा.

रिक्षात सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्यांनी एक हात तिच्या पोटावर ठेवला, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि श्वास मोजायला लागल्या. मोठ्याने. सिग्नलला रिक्षा थांबली तरी मोजत होत्या. मध्ये एकदा आकडा म्हणून झाल्यावर पुढचा आलाच नाही, त्या थांबल्या, मी थांबले, रिक्षावाल्यानेही मागे वळून पाहिलं. मग पोट हललं आणि त्यांनी पुढचा आकडा म्हटला.

हॉस्पिटलमध्ये तिच्या एवढ्याशा हाताला सुई टोचली, तेव्हाही ती रडली नाही, नुसती आक्रसली. छातीला वायरी लावल्या. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, उतरायला वेळ लागेल, बघत राहायचं, आत्ता एवढंच. किती वेळ, ते सांगता येत नाही. जाग येईल ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही लक्ष ठेवून आहोत. हे काही उत्तर नव्हतं. मी त्या यंत्रावरच्या रेघेकडे बघत बसले. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं मी पुढे केलेलं नाही.

नवऱ्याला फोन लागला तेव्हा तो हिंजवडीच्या चौकात गाड्यांमध्ये अडकला होता. सारखा विचारत होता, पण झालं कसं? मला सांगता येईना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "जायफळ जास्त झालं. आमच्याकडून." एवढं बोलून ठेवला. आमच्याकडून म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

साडेसहाच्या सुमाराला तिने पाय झाडला. मग तोंड वाकडं केलं, डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. नेहमीचं, सकाळी अकराचं. नर्स हसून म्हणाली, आली बघा गाडी रुळावर. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला घेतलं, पाजलं, ती प्यायली, थोडी ओकली आणि पुन्हा रडायला लागली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, रडू दे, आज जितकी रडेल तितकं चांगलं.

ती रडत राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी तिला घेऊन वायरी सांभाळत उभी होते. आणि मला जाणवलं की माझ्या कानशिलात तीच उष्णता चढायला लागली आहे. दातावर दात आवळले गेले आहेत. अजून तिच्या हातातली सुईसुद्धा निघाली नव्हती. दुपारी पलंगाशी घाबरले त्याहून मी आत्ता जास्त घाबरले, कारण मला वाटलं होतं आजच्यानंतर मला असं कधी होणारच नाही.

मी म्हटलं, "आई, हिला घ्या. आत्ता माझ्या हातात नको. मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"माझी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दुपारपासून पहिल्यांदा. काही समजावलं नाही, धीरही दिला नाही. वायर बाजूला करून बाळ माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. रोज सांगत जा. आता जा, ऐकू येणार नाही इतकी लांब जाऊन बस."

लांब जायला मला जमलं नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार बंद होतं तरी तिचा आवाज येत होता. मध्येच ती श्वास घ्यायला थांबली की मी ताडकन उठून काचेतून आत बघायची, आणि पुन्हा रडणं सुरू झालं की खाली बसायची.