बंदरवाल्यांची मराठी साक्ष

गावातल्या शनवारा वस्तीत मी नवा मास्तर म्हणून आलो तेव्हा अब्बासभाई शेठांच्या कापसाच्या पेढीवर ‘बंदरवाला’ ही पाटी वाचून चक्रावलो. आमच्या बऱ्हाणपुरात बंदर म्हणजे माकड. दुसरे बंदर, लाटांचे आणि शिडांचे, मी क्रमिक पुस्तकातल्या कवितेतच पाहिलेले. भीत भीत विचारले, माकडे ठेवता कुठे? शेठ पोट धरून हसले.

“मास्तर, हे बंदर झाडावर चढत नाही. तिथं जहाजं लागतात.”

त्यांचे पूर्वज सुरतेचे व्यापारी. अरबी जहाजांच्या नाखव्यांचे म्हणणे सुभेदाराला आणि सुभेदाराचे नाखव्यांना तेच समजावीत. पद कसलेच नव्हते, पण त्यांच्यावाचून बंदरात पान हलत नसे. ही कसली सत्ता, ते मला तेव्हा उमजले नाही. खरे सांगायचे तर आजही पुरते उमजत नाही.

पुढे आमच्या मराठी शाळेवर गदा आली. या वस्तीला मराठीची गरज नाही, शाळा मोडून जागा गुदामाला द्यावी, असे सरकारदरबारी घाटत होते. चौकशीला इंग्रज साहेब शाळेतच आले. साहेब शेठांचा शब्द मानीत, म्हणून आमची सारी भिस्त त्यांच्यावर. एरवी साहेबांशी अस्खलित हिंदुस्थानी बोलणारे शेठ त्या दिवशी उठले आणि चक्क मराठीत सुरू झाले. साहेबांना अक्षर कळेना. माझ्या शेजारी जवळच्या जसोंडी गावचे पाटील बसले होते. त्यांना म्हटले, शेठांना झाले तरी काय? पाटील पुटपुटले, “सौदा चालू शे मास्तर, मधी बोलू नका.”

साहेबांनी आपल्या कारकुनाला अर्थ सांगायला बसवले. शेठ म्हणत होते, जसोंडीचा शेतकरी कापूस आणतो तो माझ्याशी याच भाषेत भांडतो. त्याचे भांडण कळले नाही तर पेढीला कुलूप लागेल. मग ते कारकुनाकडे वळले.

“आता साहेबांना हेही सांगा, तुम्ही मराठी कुठं शिकलात.”

कारकून गडबडला. मान खाली घालून म्हणाला, “इथंच. याच शाळेत.”

शाळा राहिली. साहेबांना पटले की ते ओशाळले, कोण जाणे. आभार मानायला गेलो तर शेठ म्हणतात, मी काय केले, बोलला तो कारकून! मान कोणाला द्यावा, या घोळात मी अजून आहे.

माझ्या दुखण्यात शेठांनी मला आपल्या टांग्यातून रोज गावाबाहेर लालबागेत मोकळ्या हवेला नेले. वाटेत मी कविता म्हणे, ते डोळे मिटून ऐकत. कळत होत्या की झोप लागे, ते मी विचारले नाही.

आज शेठ पंचाहत्तरीत पोचले. हल्ली शनवाऱ्यात शेजाऱ्याचे बोलणे शेजाऱ्याला कळेनासे झाले आहे; शेठ मधे बसले की मगच उलगडते. परमेश्वराने त्यांना शंभरीपार ठणठणीत ठेवावे. त्यांच्यावाचून आम्ही एकमेकांना कळायचो नाही.