जगदेवचा गुडघा

पोळ्याला मेडशीच्या मारुतीपुढचा गोटा उचलायचा, तर नियम एकच. गुडघा वाकता कामा नये. वाकला की पारावरून आरोळी उठायची, "बसला रे बसला!" जगदेववर ती आरोळी कधीच आली नाही. ताठ पायांनी तो कमरेतून खाली जायचा, गोटा छातीवरून खांद्यावर चढायचा आणि टाळ्यांनी पार दणाणायचा. काय देह होता, काय दिवस होते!

त्याच तोऱ्यात त्यानं लेकीला शिकवलं. निकिता पोलीस भरतीची तयारी करत होती आणि तिची गोळाफेक कमी पडत होती. कुणीतरी केटलबेल सुचवलं. जगदेवनं मालेगावहून तो कडीचा लोखंडी गोळा आणला न् अंगणात उभा राहिला. "पाय ताठ ठेव. पाठीनं उचल. गुडघा वाकवाचा नाई." पोरगी बापाचं ऐकत गेली. एका सकाळी वाकली, ती वर आलीच नाही.

भरतीपर्यंत कंबर बरी होईल की नाही, डॉक्टर सांगेनात. पट्टा बांधून त्यांनी तिला मालेगावच्या व्यायामशाळेत मंजुषा मॅडमकडे पाठवलं. तिथं भरतीच्या पोरींची गर्दी. मॅडमनी निकिताला रिकाम्या हातांनी जरासं वाकायला सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

"असं कोनं शिकवलं तुले?"

"मोबाइलवर पाहून केलं, मॅडम." बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"त्या मोबाइलवाल्याले आना इथं, दाखवतो त्याले मी!"

पोरी खदखदल्या. जगदेव दाराशी उभा होता. गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? एका निकितालाच.

"मोबाइलवाला मीच हाओ," तो कसाबसा म्हणाला. "पोरीले मी शिकवलं."

हसू विरलं. मॅडमनी केटलबेल त्याच्यापुढं ठेवलं.

"मंग या काका. घरी तिच्यावर ध्यान तुमालेच ठेवा लागते. बूड मागं न्या. पाठ सरळ. हात म्हंजे नुसते दोर. आन गुडघे सोडा थोडे... सोडा ना! काहून लाजून राह्यले?"

गुडघे सुटेनात. सगळ्या पोरी बघत होत्या. शेवटी सुटले. कानात आरोळी घुमली, पण ओरडलं कुणीच नाही. कमरेनं पुढं झटका दिला आणि गोळा आपसूक वर आला. हलका, अगदी हलका.

तेवढ्यानंच त्याची मान खाली गेली. एवढं सोपं होतं! निकिताच्या कमरेच्या पट्ट्याकडे त्याला बघवेना.

"बाबा, पाठ वाकली," निकिता हळूच म्हणाली.

जगदेवनं पाठ सरळ केली आणि सगळ्यांदेखत पुन्हा गुडघे वाकवले.