निळ्या रेघांची चिंधी

गावाबाहेरच्या चिंचेखाली एक गोसावी आणि एक फकीर एकाच चौथऱ्यात निजले आहेत. त्यांना मानणारे ते जोडपंथी. तिथे बुक्का आणि ऊद एकाच तबकात असतात, आणि नवस नाही, भीती वाहतात. अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडायची, मनातली भीती पुटपुटत तिला गाठ मारायची, फांदीला बांधायची. जाताना मात्र एखाद्या परक्याची गाठ सोडून घरी न्यायची. भीती मरत नाही म्हणे, कुणीतरी ती सांभाळावीच लागते.

आमच्या यांच्या फुप्फुसाचा रिपोर्ट उद्या यायचाय. म्हणून आज मीही गेले. पदराची चिंधी बांधायला हात वर केला, तर शेजारीच निळ्या रेघांची चिंधी लोंबत होती. यांचा शर्ट! परवाच खिळ्याला लागून फाटला म्हणाले होते.

“ही आमच्या यांची,” मी चौथऱ्यावरच्या म्हातारीला म्हटलं.

“मग हात लावू नको, बाई. घरातली गाठ घरी न्यायची नसते.”

तेवढ्यात एका अनोळखी बाईने ती सोडली, कपाळाला लावली आणि कनवटीला खोचून चालू लागली. ‘काही होत नाही गं’ असं मला रोज सांगणारा माणूस इथे काय पुटपुटला असेल? ते आता त्या बाईबरोबर चाललं होतं, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं. मी माझी चिंधी बांधली आणि कुणाचीतरी गाठ मुठीत घेऊन घरी आले.

“पदर कशाने फाटला?” यांनी विचारलं.

“खिळ्याला लागला.”

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.