माझी फ्लॉपी व्हरांड्यात

"तुझीच फ्लॉपी असणार."

सर सगळ्यांसमोर म्हणाले. रविवार, सकाळचे अकरा. नगरला, सावेडीतल्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सातजण. सहा पुरुष आणि मी. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता, दोन महिन्यांचं काम पुसलं गेलं होतं, आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडं वळल्या.

"सर, माझी तर तुम्ही व्हरांड्यात तपासता. दर वेळी."

"तरी पण," सर म्हणाले.

तरी पण!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट होते. उसनी पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग शिकले होते. सर कॉलेजात शिकवायचे. त्यांनी मराठी टाइप करायचा एक प्रोग्रॅम काढला होता. फुकट, आणि आतल्या कोडसकट सगळ्यांना खुला. सोबतच्या फाईलीत त्यांनी स्वतः लिहिलं होतं, हे कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं. कुणीही म्हणजे मीही की! वाचून मला भरून आलं होतं.

ज्याला दुरुस्ती सुचेल त्यानं ती फ्लॉपीवर घालून आणायची. मूळ प्रतीत ती घ्यायची की नाही, हे मेंटेनर ठरवणार. मेंटेनर म्हणजे प्रोग्रॅम राखणारे. ते तिघे होते. सर, पुण्यात शिकणारा त्यांचा भाचा आणि भाच्याचा एक मित्र.

पहिले दोन रविवार माझी फ्लॉपी सरळ आतल्या कॉम्प्युटरला लागली. प्रिंट काढताना जोडाक्षरं तुटायची, ते मी नीट केलं होतं. सर खूश. "वा! कुणाची गं तू?" पूर्ण नाव विचारलं. मग गाव विचारलं. मी अकोले तालुक्यातलं गाव सांगितलं. मग म्हणाले, "गावात घर कुठल्या बाजूला?"

तेही सांगितलं. लपवायचं काय कारण?

तिसऱ्या रविवारी व्हरांड्यात एक जुना कॉम्प्युटर मांडलेला होता. माझी फ्लॉपी आधी तिथं तपासायची. व्हायरसचं काही सांगता येत नाही, म्हणाले. बाकीच्यांच्या फ्लॉप्या थेट आत. जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे. मला निदान बसायला खुर्ची होती.

मग मी जात का राहिले? लाज वाटते, पण सांगते. या कामाबद्दल बोलायला अख्ख्या नगरात मला दुसरं माणूस नव्हतं. ऑफिसात मी नुसती टायपिस्ट. घरी वडिलांना, आण्णांना, यातलं काही कळायचं नाही. मी सोमवारपासून रविवारची वाट बघायचे. अपमान होणार हे माहीत असून बघायचे.

तर त्या दिवशी शोधाशोध झाली. व्हायरस भाच्याच्या फ्लॉपीत निघाला. हॉस्टेलातून कसला तरी गेम आणला होता त्यानं. सर हसले. "गाढवा!" म्हणाले. झालं. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. चहा आला. मग सर म्हणाले, आता मेंटेनरांसाठी नियम लिहून काढले पाहिजेत. काय करायचं, काय नाही, सगळं. "तू लिही. टायपिंग चांगलंय तुझं."

आणि मी खूश झाले! इतकी खुळी.

तीन आठवडे जेवायच्या सुट्टीत बसून लिहिलं. दुरुस्ती आली की पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. नाकारली तर कारण लेखी द्यायचं. करणाऱ्याचं नाव फाईलीतून काढायचं नाही. ज्याच्या पाच दुरुस्त्या घेतल्या, त्याला मेंटेनर करायचं. आणि फ्लॉपी कुणाचीही असो, सरांची का असेना, आधी व्हरांड्यात तपासायची. माझ्या तोवर नऊ दुरुस्त्या घेतल्या गेल्या होत्या. हे मी कुणाला बोलले नव्हते.

सरांनी कागद वाचले. लाल पेन काढलं आणि दोन कलमं खोडली. पाच दुरुस्त्यांचं, आणि फ्लॉपीचं.

"घरच्या माणसांच्या फ्लॉप्या काय तपासायच्या? आणि मेंटेनर असा मोजून होत नसतो. ते संस्कारात असावं लागतं. तू टाइप करायचं बघ."

भाचा नखं कुरतडत होता. मला तिथंच रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून कागद उचलून निघाले.

घरी आण्णांना सांगितलं. ते फिटर, हात धुता धुता ऐकत होते.

"आगं, दे की टाइप करून. येवढं शिकाया मिळतंय. नाव घिऊन काय करायचं?"

"आण्णा, मला लई लागलंय हे."

"मला न्हाई लागत व्हय?" ते एकदम ओरडले. मग पंच्याला हात पुसत म्हणाले, "तुझं तू बघ. पर एकटी पडशील, सांगून ठिवतो."

पुढच्या रविवारी मी गेले. व्हरांड्यात थांबले नाही, सरळ हॉलमध्ये गेले.

"आणलंस टाइप करून?"

"आणलंय. सगळी कलमं आहेत."

"दोन मी खोडली होती."

"खोडायची तर कारण लेखी द्या."

सरांचा चेहरा लाल झाला. "घर माझं, प्रोग्रॅम माझा."

"घर तुमचंय. प्रोग्रॅम कुणीही घ्यावा, असं तुम्हीच लिहिलंय. मी घेतलाय. माझी प्रत आता मी चालवणार, या नियमांनी."

"तू? आणि तुझ्याकडं येणार कोण?"

मी बाहेर पडले. नागापूरपर्यंत चालत आले, रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

कुणी आलं नाही, हे खरं आहे. मालकांना विचारून मी सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसायचे. नियमांच्या कागदाखाली मेंटेनरांची यादी होती. यादीत एकच नाव, माझं, आडनावासकट. रविवार संपता संपायचा नाही. कधीकधी वाटायचं, जावं परत, बसावं त्या खुर्चीत, निदान माणसांचा आवाज तरी कानावर पडेल. असं वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

वर्षभरानं भाचा ऑफिसच्या गेटवर आला. "मामा म्हणतात, परत ये. नाव टाकू तुझं. टायपिंग साहाय्य म्हणून."

"आणि ती दोन कलमं?"

"ती सोडून दे ना. कशाला ताणतेस?"

"मग नाही. तुझी दुरुस्ती असेल तर घेऊन ये. तपासून बघेन. बरोबर असली तर तुझ्या नावानं घेईन, चुकली तर का चुकली ते लिहून देईन. मामांनाही हेच सांग. मी तिकडं येणार नाही."

तो गेला. मी आत येऊन कॉम्प्युटर सुरू केला. माझ्या इथं दार एकच राहील, जो येईल त्याला तेच. मरेपर्यंत एकटी राहिले तरी कुणासाठी वेगळं, दुसरं दार ठेवणार नाही.