इतुराल्देच्या जागेवरची मेणपाटी

इतुराल्दे घराच्या ब्रिशिदाला जाऊन चार वर्षं झाली, तरी गावात कुणी हट्टाला पेटलं की लोक अजून तिचंच नाव काढतात. कौतुकानं काढत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मला मात्र ती आवडायची. तीस वर्षं मी या चर्चची सेवेकरीण आहे. झाडलोट करते, घंटा वाजवते, कुठल्या घराच्या बाईनं कुठल्या जागेवर गुडघे टेकायचे ते सांभाळते. माणसं मला जितकी कळली तितकी पाद्रीबाबांना कळली असतील असं वाटत नाही.

ब्रिशिदा डोंगरापलीकडून लग्न होऊन आली आणि बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. तिचं शेत इतकं चढावर की तिथे बैल उभा राहत नाही. दोन दातांचं जड अवजार पायानं मातीत रेटायचं आणि ढेकूळ उलटायचं, हे चार गड्यांचं काम. दिरांनी सांगितलं, जमीन खंडानं दे आणि गप्प बस. तिनं अवजार उचललं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सारोबे घरची टोमासा आपलं अवजार घेऊन न बोलावता तिच्याशेजारी उभी राहिली. दोघींनी मिळून सगळा चढ उलटला आणि तिथे मका पेरला.

टोमासा यायचीच, कारण सारोबे हा इतुराल्देचा पहिला शेजार, आणि इतुराल्दे सारोबेचा. आमच्याकडे प्रत्येक घराला असा एक पहिला शेजार असतो. घरात कुणी गेलं की मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी जाऊन ती बातमी तोच सांगतो, म्हणजे मयतासाठी त्या जास्त मेण करतात. त्या मेणाची बारीक लांब वात एका लाकडी पाटीवर गुंडाळून चर्चमधल्या घराच्या जागेवर ठेवतात, आणि गेलेल्यासाठी ती पहिल्यांदा पेटवते पहिली शेजारीण. ती पेटली नाही तर जीव अंधारात चाचपडत राहतो.

मग राजा वारला. मागे तीन वर्षांची मुलगी. राजाचा भाऊ म्हणाला, गादी माझी. आमचं गाव भावाच्या बाजूचं, पाद्र्यापासून गाढवापर्यंत. पण ब्रिशिदाचा एकुलता एक बेर्नाबे सान सेबास्तियनला लोहारकाम करायचा, आणि ते शहर मुलीच्या बाजूचं. त्यानं मुलीच्या फौजेची लाल टोपी घातली. टोमासाचा पोरगा अँटन भावाच्या फौजेत गेला. फेब्रुवारीत लाल टोपीवाल्यांनी अँटनला मारलं.

टोमासानं दारात येऊन ती बातमी सांगताच ब्रिशिदा सारोबेच्या पोळ्यांपाशी गेली. रविवारी चर्चमध्ये येऊन तिनं अँटनची वात पेटवली. सगळं गाव तिच्याकडे डोळे वटारून बघत होतं.

मे महिन्यात बेर्नाबे मारला गेला, शहराच्या तटाबाहेर. एका खेचरवाल्यानं निरोप आणला. ब्रिशिदा तडक चर्चमध्ये आली. मी जमीन पुसत होते, पाद्रीबाबा तिथेच होते; तिनं त्यांना बातमी सांगितली.

"राजाविरुद्ध बंदूक धरणाऱ्याचा दिवा इथे लागणार नाही," ते म्हणाले.

"कुठल्या राजाविरुद्ध, बाबा? ते ठरायचंय अजून. भाऊबंदकी त्यांची, काका-पुतणीची. माझ्या पोराला का अंधारात ठेवता?"

पाद्रीबाबा निघून गेले. जाताना मला बजावलं, इतुराल्देच्या जागेवर काही पेटलं तर विझव.

पण पेटवणार कोण? टोमासा आलीच नाही. गाव म्हणालं, कशी येईल? तिचा पोरगा त्यांनीच मारलाय.

ब्रिशिदानं मेणपाटी काढली, नवी वात गुंडाळली आणि रविवारी काळी ओढणी घेऊन आपल्या जागेवर बसली. न पेटलेली पाटी समोर. हातभर अंतरावर टोमासा, तिच्यापुढे अँटनची वात जळतेय. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. वाटेत बायका टोमणे मारायच्या.

"काय ब्रिशिदे, चकमक हरवली का?"

"मेण साठवतेय. लढाई लांबणारसं दिसतंय, तुम्हालाही लागेल."

दिरांनी सांगितलं, पाटी घरीच पेटव, कोण बघतंय? ती म्हणाली, "चोरून पेटवायला तो चोर होता का?" असे नऊ रविवार गेले. बातमी कुणी न सांगितल्यानं तिच्या दोन पोळ्यांतल्या माश्या उठून गेल्या. मला फार वाईट वाटायचं आणि टोमासाचा संताप यायचा. शेवटी मी झऱ्यावर कपडे धुताना तिला गाठलं.

"टोमासे, तुझ्या वेळी ती आली होती. तू किती दिवस ताणणार आहेस?"

"कशाबद्दल बोलतेस, माशिमा?"

"कशाबद्दल म्हणजे? बेर्नाबेबद्दल."

"का, काय झालं त्याला?" तिनं चादर पिळली. "मला नाही कुणी काही सांगितलं."

"अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला असेल. माझ्या दारात कुणी आलं नाही."

मी कपाळावर हात मारला. घरात मरण झालं की घरच्यानं सगळ्यांत आधी पहिल्या शेजाऱ्याचं दार ठोठावायचं. पाद्र्याच्याही आधी. ब्रिशिदा मात्र तडक चर्चमध्ये आली होती, आणि माझी अक्कलही जमीन पुसायच्या बादलीतच बुडाली होती. टोमासा नऊ आठवडे दाराकडे डोळे लावून बसली होती.

मी ओल्या हातांनीच इतुराल्देला धावले. ब्रिशिदानं सगळं ऐकून घेतलं.

"तिच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार होते मी? म्हणून गेले नाही."

"आता जा."

ती गेली. टोमासा झऱ्यावरून नुकतीच परतली होती. दार उघडंच होतं, तरी ब्रिशिदानं ते ठोठावलं.

"टोमासे, माझा बेर्नाबे गेला."

टोमासानं चौकट धरली. मग म्हणाली, "तुझ्या पोराच्या माणसांनी माझं पोर मारलं. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. विसर म्हणून सांगूही नकोस."

"नाही सांगत."

"मग चल. आधीच उशीर केलास."

ती पुढे, ब्रिशिदा मागे. उरलेल्या पोळ्यांवर टोमासानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. "बायांनो, तुमचा बेर्नाबे गेला. मेण लागेल." तेवढं बोलून तिला रडू फुटलं, आणि ब्रिशिदा, जी नऊ आठवडे रडली नव्हती, तीही रडली.

रविवारी टोमासानं एकच पाटी आणली. अँटनची वात आणि बेर्नाबेची वात, दोन्ही उलगडून, एकत्र पिळून तिनं त्या पाटीवर गुंडाळल्या होत्या. दोन्ही घरांच्या जागा जिथे मिळतात तिथे पाटी ठेवली आणि पेटवली. पाद्रीबाबांनी मला खूण केली. मी पाटीपाशी गेले.

"माशिमा, यात माझा अँटन आहे," टोमासा म्हणाली. "राजाच्या भावासाठी मेलेला. विझवायचा असेल तर खुशाल विझव."

मी मागे सरले. मग पाद्रीबाबा स्वतः खाली आले, वाकून बघू लागले.

"यातली अँटनची कुठली?"

"लहानपणी दोघं एकाच पांघरुणात झोपायचे, बाबा," ब्रिशिदा म्हणाली. "तेव्हाही कुणाचे पाय कुठले ते कळायचं नाही."

ते वळले आणि प्रार्थनेला लागले. मृतांची नावं वाचताना ते अँटनपर्यंत आले आणि थांबले. टोमासा जागेवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि बेर्नाबे."